हमामाची रीत, कुंडाचं पाणी

तारापूरला लागून असलेल्या चिंचणी गावात गेल्या शतकाच्या मध्यावर काही ताम्रपट सापडले. त्यातला एक शके 848 चा, म्हणजे इ.स. 926 चा आहे. राज्य राष्ट्रकूटांचं, गादीवर तिसरा इंद्र, आणि संजाण मंडलाचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव मधुमती. हा मधुमती म्हणजे मोहम्मद. तो ताजिक, म्हणजे अरब होता, हे ताम्रपटच सांगतो. त्याने आसपासच्या बंदरांवर राष्ट्रकूटांचा अंमल बसवला, नदीनाले ओलांडण्यासाठी फुकट नावा ठेवल्या आणि संजाणला अन्नछत्र घातलं. त्या छत्रात साळीचा भात, कालवण आणि तूप वाढलं जाई. शिवाय त्याच्याच संमतीने एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठाला गाव इनाम मिळालं. संजाण आज गुजरातेत आहे, पण ज्या मुलखाचा कारभार हा अरब माणूस पाहत होता तो मुलूख म्हणजे आजची डहाणू, बोईसर, पालघरची किनारपट्टी.

त्याच सुमारास, इ.स. 916 मध्ये, बगदादचा इतिहासकार अल् मसूदी चौलला येऊन गेला. चौलमध्ये त्याला सुमारे दहा हजार मुसलमान वस्ती करून राहिलेले दिसले. ओमान, बसरा, सिराफ, बगदाद अशा ठिकाणांहून आलेली आणि इथेच जन्मलेली ही माणसं होती. शतकानुशतकं हा किनारा अरबांच्या गलबतांना ओळखत होता. त्या काळच्या अरब शहरात माणूस परगावी उतरला की दोन जागा आधी शोधायचा, मशीद आणि हमाम. मशीद आपल्याला माहीत आहे. ह्या प्रकरणात हमामाकडे पाहू, आणि मग बोईसरहून दीड-दोन तासांच्या अंतरावर जमिनीतून आपोआप वर येणाऱ्या गरम पाण्याकडे. पालघर आणि त्याला खेटून असलेल्या भिवंडी तालुक्यात निसर्गाने जे फुकट दिलंय, ते मिळवण्यासाठी अरब शहरांनी हजार वर्षं लाकूड जाळलं, कालवे खणले, घुमट बांधले. त्यांनी त्या गरम पाण्याभोवती जी रीत उभी केली ती मात्र आपण आपल्या कुंडांभोवती केलेली नाही. ती करता येईल, असं मला मनापासून वाटतं.

हमाम म्हणजे नुसतं गरम पाण्याचं न्हाणीघर असं समजलं तर त्यातलं अर्धं शहाणपण निसटतं. हमाम हा खोल्यांचा क्रम आहे. आधी कपडे उतरवायची, बसायची, गप्पा मारायची खोली. मग थंड खोली, मग कोमट, मग गरम. शरीराला एकदम तापवायचं नाही, पायरीपायरीने न्यायचं आणि तसंच परत आणायचं, हे त्याचं मूळ सूत्र. रोमन लोकांची स्नानगृहं ह्याच क्रमाने बांधलेली असत. सीरिया, जॉर्डन, इजिप्त जिंकल्यावर अरबांना ती तिथे मिळाली. त्यांनी ती मोडली नाहीत, आपलीशी केली. जॉर्डनच्या वाळवंटात कुसैर अमरा नावाचा छोटा महाल आहे, आठव्या शतकाच्या पूर्वार्धातला. उमय्या घराण्यातल्या एका राजपुत्राने तो बांधून घेतला. त्याच्या गरम खोलीच्या घुमटावर रात्रीचं आकाश रंगवलंय, राशींसह, नक्षत्रांसह. वाफेत बसलेल्या माणसाने वर पाहिलं की त्याला तारे दिसावेत, हा विचार बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी कुणीतरी केला होता.

फरशी गरम कशी होत असे? जमीन दुहेरी असे. वरची फरशी छोट्या विटांच्या खांबांवर उचललेली आणि खाली पोकळी. शेजारच्या भट्टीतला धूर आणि गरम हवा त्या पोकळीतून फिरवत नेत आणि भिंतीतल्या नळ्यांमधून वर सोडून देत. त्यामुळे भट्टीच्या जवळची खोली सर्वांत गरम आणि लांबची थंड, असा क्रम आपोआप जमे. भट्टीवर मोठं तांब्याचं भांडं चढवलेलं असे, त्यातलं पाणी आतल्या हौदांत येई. इंधन मिळेल ते: काटक्या, शेण, तुसं, शहरातला कचरासुद्धा. कैरोमध्ये हमामाच्या निखाऱ्यांत रात्रभर घागरी पुरून ठेवत, सकाळी त्यातून शिजलेल्या बाकल्याच्या दाण्यांचं कालवण, म्हणजे फूल, निघे आणि गल्लीभर विकलं जाई. मोरोक्कोतल्या मराकेशमध्ये आजही तंजिया नावाचा मांसाचा पदार्थ मातीच्या मडक्यात भरून हमामाच्या भट्टीवाल्याकडे देतात. एकाच आगीवर शहराची आंघोळ आणि शहराचं जेवण.

आतली आंघोळही आपल्या कल्पनेपेक्षा वेगळी. बहुतेक अरब हमामांत डुंबायचा हौद नसतो. साचलेल्या पाण्यात सगळ्यांनी उतरणं त्यांना अशुद्ध वाटे. दगडी कुंडीत पाणी वाहतं ठेवायचं आणि वाडग्याने अंगावर घ्यायचं. पाटावर बसून तांब्याने आंघोळ करणाऱ्या मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. गरम खोलीत घाम फुटेपर्यंत बसल्यावर अंग चोळणारा येतो. हातात खरखरीत कापडाची पिशवी घालून तो पाठ, दंड, पोटऱ्या एका दिशेने घासतो, आणि मेलेल्या कातडीच्या राखाडी वळ्या निघतात. मोरोक्कोत त्याआधी ऑलिव्हच्या तेलाचा मऊ काळा साबण लावतात आणि नंतर अ‍ॅटलास डोंगरातली घसूल नावाची माती. टाचांसाठी खरबरीत दगड असतोच, आपल्या वज्रीसारखा. नरकचतुर्दशीच्या पहाटे आधी तेल, मग उटणं, मग बंबातलं कढत पाणी हा जो क्रम आपण वर्षातून एकदा पाळतो, तसाच क्रम तिथल्या माणसाला आठवड्याला एकदा मिळत असे.

इब्न बतूता हा चौदाव्या शतकातला प्रवासी हमामांबद्दल फार चोखंदळ होता. बगदादच्या हमामांचं त्याने कौतुक केलंय, कारण तिथे प्रत्येकाला तीन पंचे मिळत: आत जाताना नेसायला एक, बाहेर येताना एक, अंग पुसायला एक. उलट इजिप्तमधल्या मिन्या गावात लोक पंचा न नेसताच आंघोळ करताना दिसले, तेव्हा तो तडक तिथल्या अधिकाऱ्याकडे गेला आणि तक्रार केली. अधिकाऱ्याने हमाम चालवणाऱ्यांना बोलावून घेतलं आणि इथून पुढे पंचा न देता कुणाला आत घेतलं तर दंड होईल असं लिहून घेतलं. हाच इब्न बतूता पुढे दौलताबादेहून नंदुरबारमार्गे खंबायतेला गेला आणि तिथल्या मराठ्यांबद्दल त्याने लिहून ठेवलंय. मिन्याचा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. सार्वजनिक आंघोळीला नियम लागतात, नियम मोडला तर दाद मागता यावी लागते, आणि जागेला कुणीतरी जबाबदार असावा लागतो, हे त्या काळच्या साध्या प्रवाशालाही ठाऊक होतं.

जबाबदारीची व्यवस्था म्हणजे वक्फ. एखादा श्रीमंत माणूस हमाम बांधे आणि त्याचं उत्पन्न मशीद, मदरसा किंवा दवाखान्याला लावून देई. आंघोळीच्या पैशांतून शाळा चाले, आणि शाळा चालावी म्हणून हमामाची डागडुजी होत राही. इस्तंबूलचा चेंबर्लीताश हमाम 1584 सालचा. नूरबानू सुलतान ह्या राजमातेने तो आपल्या धर्मादाय संस्थांना उत्पन्न मिळावं म्हणून बांधवला. आजही तिथे रोज पाणी तापतं.

बायकांसाठी हमाम वेगळा असे किंवा त्याच हमामात त्यांचे दिवस आणि वेळा ठरलेल्या असत. घराबाहेर निर्धास्त बसायची ती एक हक्काची जागा. तिथे मुली दाखवल्या जात, लग्नं ठरत, नवरीला मैत्रिणी न्हाऊ घालत, बाळंतिणीचं चाळीस दिवसांनंतरचं नहाण होई. इंग्रज राजदूताची बायको लेडी मेरी वर्टली माँटेग्यू 1717 मध्ये सोफियातल्या हमामात गेली. युरोपातल्या पुरुषांनी नुसत्या कल्पनेने रंगवलेली ती जागा तिने प्रत्यक्ष पाहिली आणि घरी पत्रात लिहिलं की गावातल्या बातम्या जिथे कळतात असं हे बायकांचं कॉफीघरच आहे.

म्हणूनच हमामावर बंदी आली तेव्हा ती फक्त आंघोळीवर आली नाही. स्पेनमध्ये 1492 मध्ये ग्रानादा ख्रिस्ती राजांच्या हाती गेलं. उरलेल्या मुसलमानांना बाटवलं, तरी त्यांची बोली, पोशाख आणि हमाम चालू राहिले. मग 1567 च्या आरंभी दुसऱ्या फिलिपच्या फर्मानाने अरबी भाषा, त्यांचे कपडे आणि त्यांचे हमाम ह्या सगळ्यांवर एकदमच बंदी घातली. पुढच्या वर्षाच्या अखेरीस अल्पुहाराच्या डोंगरांत बंड पेटलं. ग्रानादात दारो नदीच्या काठी एल बान्युएलो नावाचा अकराव्या शतकातला हमाम आज पाहायला मिळतो. त्याच्या छतात अष्टकोनी आणि ताऱ्याच्या आकाराची भोकं आहेत, त्यातून उजेडाचे तिरपे खांब जमिनीवर पडतात. हमामाखेरीज इतर कामांसाठी तो वापरला गेला म्हणूनच वाचला, आणि 1918 मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. हल्ली मराठी पर्यटक स्पेनला जातात तेव्हा ‘अरब बाथ’ म्हणून ज्या जागी नेलं जातं, त्या बहुतेक नव्या बांधलेल्या असतात: मंद दिवे, संगीत, डुंबायचे तीन हौद, पुदिन्याचा चहा. तो अनुभव सुखाचा आहे. पण त्याआधी अर्धा तास बान्युएलोच्या त्या उजेडात उभं राहावं, म्हणजे हौदात उतरताना आपण कशात उतरतोय हे कळतं.

आपल्याकडे आज जे हमाम उभे दिसतात ते पठारावर, सुलतानांच्या आणि मोगलांच्या ठाण्यांत. दौलताबादच्या किल्ल्यात शाही हमाम आहे. बिदरच्या किल्ल्यातल्या शाही हमामात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय भरलंय, त्यामुळे पुष्कळ लोक हमामात फिरून येतात आणि त्यांना ते कळतही नाही. सर्वांत देखणा बुऱ्हाणपूरचा, तापीकाठच्या शाही किल्ल्यातला. मुमताज महल ह्याच किल्ल्यात 1631 मध्ये बाळंतपणात वारली. तिच्यासाठी सजवलेल्या हमामाच्या छतावर रंगीत वेलबुट्टी अजून बरीच शाबूत आहे आणि मधोमध पाण्याचा हौद आहे. बुऱ्हाणपूरला पाणी कुठून येई, तेही पाहण्यासारखं आहे. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, 1615 च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचं भूजल इराणी पद्धतीच्या भुयारी कालव्याने शहरात आणलं. जमिनीखाली एक उताराचं भुयार आणि वर ठरावीक अंतरावर विहिरींची रांग. कुंडी भंडारा नावाच्या ह्या कालव्यात आज लिफ्टने खाली उतरता येतं. मुंबईच्या फोर्टात शेअरबाजाराच्या मागे हमाम स्ट्रीट आहे. पाटीवर आता अंबालाल दोशी मार्ग लिहिलंय, तरी जुने दलाल हमाम स्ट्रीटच म्हणतात.

आता पालघरकडे.

महाराष्ट्राच्या किनारपट्टीला समांतर, सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यात गरम पाण्याच्या झऱ्यांची एक ओळच आहे. उत्तरेला पालघर जिल्ह्यातल्या कोकनेरपासून ती सुरू होते आणि साडेतीनशे किलोमीटर दक्षिणेला राजापूरपर्यंत जाते. कोकनेर, हालोली, सातिवली ही पालघरकडची. मग तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. पुढे पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, खेडकडचं उन्हवरे, संगमेश्वराकडचं तुरळ-राजवाडी. कुठे पाणी कोमट, कुठे हात घालवत नाही इतकं कढत. उन्हवऱ्याचं पाणी सत्तर अंशांच्या घरात जातं. तानसाकाठची आणि सातिवलीकडची मुखं साधारण पन्नास अंशांच्या मागेपुढे.

हे पाणी ज्वालामुखीमुळे तापत नाही. आपल्या पायाखालचा काळा बेसाल्ट ज्वालामुखीचाच आहे, पण त्या लाव्हाला थंड होऊन सुमारे साडेसहा कोटी वर्षं झाली. खरी गोष्ट साधी आहे. कोकणात धो धो पाऊस पडतो. त्यातलं काही पाणी कातळातल्या भेगांतून खोल, किलोमीटरभर किंवा त्याहूनही खाली उतरतं. खाली जावं तसं जमिनीचं तापमान दर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंशांनी वाढतं, ह्या किनारपट्टीत त्याहून काहीसं जास्तच. तापलेलं पाणी हलकं होतं आणि दुसऱ्या भेगेने झपाट्याने वर येतं, वाटेत थंड व्हायला त्याला वेळच मिळत नाही. झऱ्यांची ओळ सरळ दिसते कारण किनाऱ्याला समांतर कातळ वाकलेला आणि फुटलेला आहे. वर येताना पाणी खडकातले क्षार घेऊन येतं, म्हणून त्याची चव मचूळ आणि वास किंचित गंधकाचा. चांदीची अंगठी घालून उतरलात तर ती काळवंडते, ती त्या गंधकामुळेच.

पृथ्वीच्या पोटात ही उष्णता आली कुठून? काही तिच्या जन्माच्या वेळची शिल्लक आणि अंदाजे निम्मी युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या किरणोत्सारी क्षयातून. बोईसरच्या वाचकाला युरेनियमचं नाव ओळखीचं आहे. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र 1969 मध्ये सुरू झालं तेव्हा त्यातल्या दोन्ही अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या होत्या: युरेनियमच्या अणूंच्या विखंडनातून पाणी उकळायचं, वाफेवर चक्र फिरवायचं. तारापूरला ते विखंडन माणूस घडवून आणतो. सातिवलीच्या कातळाखाली तेच मूलद्रव्य कुणी हात न लावता, कोट्यवधी वर्षांच्या संथ गतीने झिजतंय आणि पाण्यात आपली ऊब सोडतंय. एकाच पट्ट्यात युरेनियमच्या दोन्ही तऱ्हेच्या उष्णतेवर तापलेलं पाणी आहे, हे मला ह्या भागाचं फार मोठं वैभव वाटतं, आणि शाळांच्या सहली दोन्हीकडे जाव्यात असंही वाटतं.

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही गावं कागदोपत्री ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडी तालुक्यात येतात. पण 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा होईपर्यंत सगळा एकच जिल्हा होता, आणि विरार, सफाळे, पालघरच्या माणसाला वज्रेश्वरी आपलीच. पेशवाईत चिमाजी अप्पा वसईच्या मोहिमेवर आले तेव्हा त्यांनी देवीला नवस केला, अशी परंपरा आहे. मे 1739 मध्ये वसई पडली, आणि पुढे सुभेदार शंकराजी केशव फडके यांच्या देखरेखीखाली टेकडीवर किल्ल्यासारखं दिसणारं आजचं देऊळ उभं राहिलं. दीपमाळ, नगारखाना, लांब पायऱ्या. लोककथा सांगते की देवीने मारलेल्या दैत्यांचं रक्त तापून झऱ्यांतून वाहतं. गणेशपुरीला भीमेश्वराचं जुनं देऊळ आणि त्याच्या अंगणात कुंडं. 1936 च्या सुमारास नित्यानंद स्वामी इथे येऊन राहिले, 1961 मध्ये इथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्यामुळे रानातल्या ह्या झऱ्यांवर वस्ती, धर्मशाळा, दवाखाना आला आणि जगभरातून लोक येऊ लागले. हमामाला वक्फाने जे दिलं ते इथे एका संन्याशाच्या शब्दाने दिलं, असं म्हणता येईल.

डिसेंबरच्या सकाळी सहाला अकलोलीच्या कुंडांवर जावं. नदीकाठी दगडाने बांधलेले चौकोन, शेजारी शेजारी. प्रत्येकाची ऊब वेगळी, आणि ती माहीत असलेली माणसं कोपऱ्यातल्या कमी तापलेल्या कुंडापासून सुरुवात करतात. तळातून बुडबुडे येतात, एका ठिकाणी थांबून, मग तीन-चार एकदम, मग पुन्हा थांबून. दगडाच्या सांध्यात क्षाराची पांढरट पुटं धरलेली असतात. पहिल्या पायरीवर पाऊल टेकवलं की ते झटकन मागे घ्यावंसं वाटतं. घोट्यापर्यंत दोन मिनिटं, गुडघ्यापर्यंत दोन मिनिटं, मग कंबर. छातीपर्यंत पाणी आलं की एक खोल श्वास आपोआप घेतला जातो, कारण पाण्याचा दाब फासळ्यांवर बसतो. गुडघेदुखीची माणसं इथे येऊन पाय सोडून बसतात. पाण्यात शरीराचं वजन हलकं होतं, उष्णतेने स्नायू सैल पडतात, रक्तवाहिन्या रुंदावतात. दुखणं तात्पुरतं का होईना ओसरतं, ह्यात चमत्कार नाही, आणि त्यासाठी चमत्कार लागतही नाही. कातडीचे सगळे रोग जातात वगैरे जे सांगितलं जातं त्यावर मात्र विसंबू नये. खरजेच्या किंवा उघड्या जखमेच्या माणसाने सामायिक कुंडात उतरूही नये.

ह्याच ठिकाणी हमामाची रीत उपयोगी पडते. कुंडावर लोक बहुधा घाईत येतात. देवदर्शन उरकायचं असतं, गाडीवाला थांबलेला असतो. सर्वांत गरम कुंडात एकदम उडी, पाच मिनिटं ‘आई गं’, आणि बाहेर. मग भोवळ येते, डोकं जड होतं, आणि गरम पाणी मानवत नाही असा समज होतो. हमामवाला हे कधीच करू देणार नाही. आधी दहा मिनिटं बसा. घरून आणलेल्या पाण्याने आंघोळ करून, अंगावरचं तेल-साबण धुऊन मग कुंडाकडे या. कुंडात साबण, शाम्पू, उटणं काहीही नाही. कोमट कुंडात सुरुवात. पाणी चाळीस अंशांच्या आसपास असेल तर दहा-पंधरा मिनिटं, त्याहून कढत वाटलं तर फक्त पाय. मग बाहेर येऊन दगडावर बसायचं, पंचा पांघरून. दोन घोट पाणी प्यायचं. वाटलं तर पुन्हा एकदा. खरखरीत पंचाने हातपाय चोळायचे असतील तर ते बाहेर, मोरीवर. शेवटी साध्या पाण्याचे दोन तांबे अंगावर घ्यायचे आणि लगेच गाडीत न बसता अर्धा तास सावलीत काढायचा. गरम पाण्यातून आल्यावर शरीर आतली उष्णता बाहेर टाकत हळूहळू थंड होतं, आणि त्या उतारावर झोप छान लागते. म्हणून दुपारी कामाला जुंपून घ्यायचं असेल त्या दिवशी जाऊ नये.

काही गोष्टी स्पष्ट सांगतो. हृदयविकार, फार कमी किंवा काबूत नसलेला रक्तदाब, गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. लहान मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर भाजतं, त्यांना मुखाजवळच्या कुंडात नेऊ नका. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेल्या माणसाने पाणी हाताने तपासावं, पायाने नाही. दारू पिऊन तर मुळीच नाही. डोकं पाण्याखाली घालू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. साचलेल्या गोड्या उबदार पाण्यात एक अमीबा वाढू शकतो, तो नाकावाटे मेंदूत गेला तर जीव वाचणं कठीण. असं क्वचितच होतं, पण नाक वर ठेवणं इतकं सोपं आहे की धोका घ्यायचं कारण नाही. पावसाळ्यात तानसा फुगते, नदीपात्रातली कुंडं पाण्याखाली जातात, तेव्हा तो बेत दिवाळीनंतरवर ढकलावा. बोईसरहून चिल्हार फाटा किंवा मनोरमार्गे महामार्गावर यायचं, शिरसाड फाट्याला वळायचं आणि अंबाडीच्या रस्त्याने वज्रेश्वरी. एकांत हवा असेल तर अकलोली-गणेशपुरीच्या काही लॉजमध्ये झऱ्याचं पाणी खोलीतल्या हौदात घेतलेलं असतं.

तीर्थाच्या कुंडांना निदान देवस्थान आहे, येणारा-जाणारा आहे. कोकनेर, हालोली, सातिवलीकडच्या झऱ्यांकडे तेवढं लक्ष नाही. तिथे फाइव्ह स्टार स्पा नको. गावातल्याच बचत गटाकडे किल्ली आणि झाडू असावा, पाच-दहा रुपये तिकीट असावं, कुंड आठवड्यातून एकदा उपसून घासलेलं असावं, आंघोळीसाठी बाहेर एक नळ आणि कुंडाजवळ तापमान लिहिलेली पाटी असावी. जो पैसा येईल तो गावच्या शाळेला लावून द्यावा, जसा हमामाचा लागे. आणि सर्वांत आधी, बायकांसाठी बंद होणारं दार असलेली कपडे बदलायची खोली आणि त्यांच्या ठरलेल्या वेळा. आज उघड्या कुंडावर लुगड्यानिशी उतरून ओल्या कपड्यांतच घरी जाणाऱ्या बाईला गरम पाण्याचं अर्धं सुख मिळतं. कैरोतल्या, दमास्कसमधल्या बाईला ते पूर्ण मिळत होतं, कारण तिच्यासाठी वार ठरलेला होता आणि त्या दिवशी दारावर बाईच बसलेली असे.